लाकडी चॉपिंग बोर्डची निगा: बडोद्याच्या हवेत फळी कशी टिकवायची

लाकडी चॉपिंग बोर्ड घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "याला तेल कुठलं लावायचं?" तेलाचं पुढे सविस्तर सांगतेच. पण त्याआधी फळी बिघडते कशाने ते समजून घ्या, कारण बाकीच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

लाकूड पाणी प्यायलं की रुंदीत फुगतं आणि वाळलं की आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. आता रोज काय होतं बघा. कांदा चिरून झाला, फळी वरून पुसली आणि ओट्यावर आडवी टाकली. वरची बाजू पंख्याखाली तासाभरात वाळते. खालची ओल्या ओट्याला चिकटून ओलीच राहते. खालची फुगली, वरची आकसली की फळीला खालून पोट सुटतं आणि भाजी चिरताना ती डुगडुगायला लागते. हे रोज चालू राहिलं की जोड उकलतात आणि टोकांना भेगा पडतात. कितीही महागाचं तेल लावा, हे थांबत नाही. तेलाने पाणी आत शिरायचा वेग कमी होतो, एवढंच. फळीच्या दोन्ही बाजू सारख्याच भिजल्या पाहिजेत आणि सारख्याच वाळल्या पाहिजेत. मी तरी याला तेलापेक्षा वरचा मान देते.

बडोद्यात हे जास्तच जाणवतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे आणि हवा कोरडीठाक. जून सरता सरता तीच हवा इतकी दमट होते की डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं. त्यामुळे बोर्डाच्या खोक्यावर छापलेलं 'महिन्यातून एकदा तेल लावा' हे वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही.

लागणारं सामान

- लिक्विड पॅराफिन आयपी (आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधी दर्जाची खूण), औषधाच्या दुकानातून
- जुन्या धुतलेल्या पंच्याचे किंवा बनियनचे तुकडे
- पॉलिश पेपर: १२० आणि २२० नंबरचा
- मऊ घासणी आणि भांड्यांचा साधा साबण (तारेची घासणी नको)
- जाडं मीठ, लिंबू
- फळी उभी राहील असं ताटाळं किंवा स्टँड
- तोंडाला बांधायला मास्क
- जमल्यास थोडं मधमाशीचं मेण

१. आधी फळी ओळखा

बाजारात मिळणाऱ्या फळ्या बहुधा साग, शिसव, बाभूळ, आंबा, कडुनिंब किंवा बांबूच्या असतात. सागात मुळातच तेलाचा अंश असतो, म्हणून तो पाण्याला पुरून उरतो. पण त्यात सिलिका (वाळूतलं कठीण द्रव्य) असते आणि सुरीची धार लवकर जाते. शिसव आणि बाभूळ टणक व जड. आंबा स्वस्त आणि दिसायला छान, पण त्याला कीड पटकन लागते. बांबूची फळी म्हणजे पट्ट्या डिंकाने चिकटवलेल्या असतात, त्यामुळे तिच्या बाबतीत तेलापेक्षा जोडांकडे लक्ष ठेवा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लायवर वरून लाकडाचा कागद चिकटवलेली फळी असेल, तर ती कापायच्या कामाची नाही. एकदा पाणी आत गेलं की ती बिस्किटासारखी फुगते.

फळीवर चकचकीत थर आहे का तेही बघा. नखाने कडेला खरवडून पाहा. पापुद्रा निघाला तर वार्निश, मेलामाइन किंवा लाखेचा थर आहे. संखेड्याचं लाखकाम आपल्याकडे घराघरांत झोपाळ्याच्या रूपाने असतं आणि तिथे ते शोभतंच. पण सुरीखाली कुठलाही असा थर कपच्या-कपच्यांनी निघतो आणि भाजीत जातो. कापायच्या बाजूचा थर पॉलिश पेपरने पूर्ण काढा, किंवा ती फळी फक्त वाढायला वापरा.

लातीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, सागाचा तुकडा आणून सुताराकडून फळी करून घेणार असाल, तर त्याला आधीच स्पष्ट सांगा: पॉलिश नको, नुसता रंधा मारून द्या. जाडी पाऊण इंचापेक्षा कमी नको, एक-सव्वा इंच उत्तम. सागाच्या बाहेरच्या अंगाचा फिकट पांढरट भाग घेऊ नका, कीड आधी तिथेच लागते. रुंद अखंड फळीपेक्षा अरुंद पट्ट्या जोडलेली फळी कमी वाकते. मात्र जोडायला पाण्यात न सुटणारा, मरीन प्रकारचा डिंक वापरायला सांगा. साधा पांढरा फेव्हिकॉल रोजच्या धुण्यात टिकणार नाही.

इथे एक सापळा आहे. जुने वाडे पाडले की तुळया, दारं आणि चौकटींचा उत्कृष्ट साग बाजारात येतो आणि लोक हौसेने त्याच्या फळ्या करून घेतात. त्या लाकडाला वर्षानुवर्षं तैलरंग आणि वाळवीची औषधं दिलेली असतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्या सागाची मांडणी करा, चौरंग करा. अन्न कापायला तो घेऊ नका.

२. नवी फळी वापरायला काढण्याआधी

कोमट पाण्याने आणि थोड्या साबणाने दोन्ही बाजू धुवा, पुसा आणि दिवसभर सावलीत उभी ठेवा. वाळल्यावर हात फिरवून बघा, आधी गुळगुळीत असलेली फळी आता खरखरीत लागेल. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, त्याने घाबरून जाऊ नका. २२० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासा. आडवं घासलं तर ओरखडे उठतात आणि तेल लावल्यावर ते जास्तच दिसतात. हे ओलं करणं, वाळवणं आणि घासणं आणखी एकदा केलं, की पुढे रोजच्या धुण्याने फळी खरखरीत होत नाही.

घासताना मास्क लावा. साग आणि शिसवाच्या भुशाने काहींना खोकला येतो, अंगाला खाज सुटते. भुसा कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून मगच तेलाकडे वळा.

३. तेल

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून स्वयंपाकघरात मिळणारं एकेक तेल घेऊ.

सिंगतेल (शेंगदाण्याचं), तिळाचं, मोहरीचं, सोयाबीनचं: यातलं एकही नको. ही तेलं लाकडात मुरतात, पण नीट सुकत नाहीत. हवेने त्यांना खवटपणा येतो, फळी चिकट होते, आणि तो वास मग कापलेल्या काकडीला लागतो. एकदा मुरलेलं खवट तेल निघत नाही, फळी खोलवर घासावी लागते.

खोबरेल: उशिरा खवटतं, पण कायमचा इलाज नाही. थंडीत ते गोठतं आणि आत शिरायच्या ऐवजी वर पांढरं बसतं. अडीनडीला चालेल.

दिवेल: बडोद्यातली जुनीजाणती मंडळी हेच सुचवतात, कारण वर्षाचे गहू दिवेल चोळूनच कोठीत भरायची इथली रीत. गव्हाला ते उत्तम. पण एरंडाचं तेल दाट आणि चिकट असतं, फळीवर ते तसंच राहतं आणि धूळ-पीठ धरून ठेवतं.

जवसाचं: हे तेल हवेत सुकून लाकडात घट्ट होतं, म्हणून तत्त्वतः चांगलं. पण खायचं कच्चं जवस तेल पूर्ण सुकायला आठवडे लागतात. रंगाच्या दुकानात मिळणारं 'बॉइल्ड' जवस तेल खाण्याच्या वस्तूला अजिबात लावू नका, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. शिवाय जवस तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा, मगच टाका.

शिलाई मशीनचं तेल आणि बेबी ऑइल: दोन्ही खनिज तेलंच, पण पहिलं खाण्यायोग्य शुद्ध केलेलं नसतं आणि दुसऱ्यात सुगंध असतो. दोन्ही बाद.

उरतं लिक्विड पॅराफिन. बद्धकोष्ठतेवर पोटात घ्यायला देतात तेच हे. रंग नाही, वास नाही, आणि ते खवट होत नाही. दुकानात मागताना 'आयपी' लिहिलेलं आणि काचेसारखं स्वच्छ दिसणारं मागा. अनेकदा दुकानदार पांढरं, दुधाळ औषध हातात देतो. त्यात मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं असतं, ते फळीसाठी नाही. लेबलवर फक्त लिक्विड पॅराफिन, दुसरं काही नाही, एवढी खात्री करून घ्या. पातळ आणि दाट दोन्ही चालतं, दाट थोडं जास्त टिकतं.

लावायची पद्धत: बाटली पाच-दहा मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, तेल पातळ होऊन चांगलं शिरतं. फळी पूर्ण कोरडी हवी. सढळ हाताने ओता आणि फडक्याने दोन्ही बाजूंना, चारही कडांना पसरा. दोन्ही टोकांकडे नीट बघा, जिथे लाकडाच्या रेषा संपतात आणि बारीक छिद्रं दिसतात. पाणी तिथूनच सर्वांत भरभर आत शिरतं आणि भेगही तिथूनच सुरू होते. टोकांना तेल लावलं की ते डोळ्यांदेखत नाहीसं होतं. पुन्हा लावा, ते प्यायचं थांबेपर्यंत लावत राहा. रात्रभर फळी कागदावर उभी ठेवा, सकाळी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा.

नव्या फळीसाठी सुतारांमध्ये चालत आलेला एक अंदाज असा: पहिला आठवडा रोज, पहिला महिना आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. बडोद्यासाठी मी त्यात एवढाच बदल सुचवीन की एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी लावा, कारण कोरड्या हवेत टोकं तडकतात. पावसाळ्यात कमी लावा आणि वाळवण्याकडे जास्त लक्ष द्या. पक्की परीक्षा पाण्याची: फळीवर चार थेंब टाका. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर तेल पुरेसं आहे. पसरून दोन-चार मिनिटांत मुरले आणि गडद डाग दिसला, तर त्याच रात्री तेल लावा.

मेणाचा लेप ऐच्छिक, पण मला आवडतो. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण वजनाने घ्या, म्हणजे ८० ग्रॅमला २० ग्रॅम. पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरं छोटं भांडं ठेवा आणि त्यात दोन्ही वितळवा. थेट आचेवर ठेवू नका, मेण पेट घेतं. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी खळखळ उकळायची गरज नाही. खऱ्या मेणाला मधाचा वास येतो. वास नसलेलं पांढरंशुभ्र मेण बहुतेक मेणबत्तीचं असतं. गार झालेला लेप तेल मुरलेल्या फळीवर बोटाने चोळा आणि तासाभराने घासून पुसा. टोकांना हा लेप लावून ठेवला की भेगांचा धोका बराच कमी होतो.

पोळपाटाला तेल अगदी बेताने लावा आणि पुसून घ्या, नाहीतर पीठ चिकटून बसतं. विळीच्या पाटाला हात आखडता नको, फक्त खीळ आणि पातं बसवलेल्या जागी तेल आणि पाणी साचू देऊ नका.

४. रोज धुताना

काम झालं की लगेच धुवा, दोन्ही बाजूंनी, भाजी एका बाजूला कापली असली तरी. पाण्यात बुडवून ठेवायची नाही, मोरीत खरकट्या भांड्यांखाली तर नाहीच. डिशवॉशरमध्ये कधीच नाही. फडक्याने पुसा आणि ताटाळ्यात उभी करा, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी. भिंतीला टेकवली तर टेकलेली बाजू ओली राहते, म्हणून मध्ये दोन बोटांची फट ठेवा. गॅसच्या शेजारी किंवा फ्रिजच्या मागे, जिथे एकाच अंगाला गरम हवा लागते, तिथेही ठेवू नका.

५. डाग आणि वास

हळद. थंडीत इथे ओली हळद आणि आंबेहळद जवळजवळ रोज चिरली जाते आणि फळी पिवळीधमक होते. सवयीने लोक साबण किंवा खायचा सोडा चोळतात आणि डाग लालसर होतो. हळदीला चुना लागून कुंकू होतं, तेच इथे घडतं, अल्कलीने हळद लाल पडते. लिंबू पिळलं की तो लालपणा परत पिवळा होतो. पिवळा रंग मात्र उन्हाने जातो. फळी दोन्ही बाजूंनी पुसून सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग उलटा, आणि दोन-चार दिवस हेच करा. डाग फिकट होत जाईल. दुपारच्या उन्हात तासभर ठेवलीत तर डाग जाईल आणि फळीही वाकेल.

काळे डाग. साग किंवा बाभळीच्या ओल्या फळीवर लोखंडी सुरी किंवा विळीचं पातं पडून राहिलं की शाईसारखा काळा ठसा उमटतो. ती बुरशी नव्हे. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा तो रंग. लिंबाची फोड चोळून पाच मिनिटं ठेवा आणि धुवा. उरलेलं २२० च्या पेपरने जाईल.

कांदा-लसणाच्या वासाला जाडं मीठ आणि अर्धं लिंबू, गोल फिरवत घासा. त्याहून चांगलं म्हणजे फळासाठी दुसरी लहान फळी ठेवा.

६. मासे-मटण होणाऱ्या घरात

लाकूड अस्वच्छ आणि प्लास्टिक स्वच्छ, असा समज आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी याची तपासणी केली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाकडावरचे जंतू आत ओढले जातात आणि तिथे वाढण्याऐवजी हळूहळू मरतात, असं त्यांना आढळलं. उलट सुरीच्या खाचा पडलेलं प्लास्टिक हाताने घासून स्वच्छ करणं अवघड गेलं. म्हणून लाकडाला घाबरू नका, पण कच्च्या मांसाची फळी वेगळीच ठेवा आणि तिच्यावर कोशिंबिरीची काकडी कापू नका.

ती फळी साबणाने धुतल्यावर निर्जंतुक करायची असेल, तर एक लिटर पाण्यात चहाचा जेमतेम एक चमचा बिनवासाचं लिक्विड ब्लीच घाला. दोन-तीन मिनिटं ओली ठेवा, स्वच्छ धुवा, वाळवा. ब्लीचबरोबर लिंबू किंवा व्हिनेगर कधीही वापरू नका, त्यातून विषारी वायू सुटतो.

७. पावसाळा आणि पुराचं पाणी

जुलै-ऑगस्टमध्ये नुसती पुसलेली फळी रात्रभरातही वाळत नाही. रोज धुतल्यावर अर्धा तास पंख्यासमोर उभी करा. दोन फळ्या आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीला दिवसभर वाळायला मिळतं, आणि पावसाळ्यात याचा फरक डोळ्यांना दिसतो. बंद कपाटात आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. वरवरची हिरवी-पांढरी बुरशी असेल तर व्हिनेगरने पुसा, वाळवा, घासा. काळे ठिपके खोल गेले असतील आणि घासूनही कुबट वास येत असेल, तर ती फळी काढून टाका. फळीखाली पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर आत कीड आहे. ती इतर लाकडी सामानापासून लगेच दूर करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांची स्वयंपाकघरं बुडाली. स्टीलची भांडी उकळून परत वापरता आली. लाकडाचं तसं नसतं. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी, रसायनं, सगळं असतं आणि ते लाकडात खोल जातं. धुऊन, उकळून, उन्हात ठेवून ते खात्रीने निघत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्लाही हाच आहे की पुराचं पाणी लागलेल्या लाकडी फळ्या आणि भांडी टाकून द्यावीत. आजीच्या हातचा पोळपाट असला की हे फार जड जातं, मला पूर्ण कळतं. तो आठवण म्हणून स्वच्छ करून भिंतीवर लावा, पण पोळी त्यावर पुन्हा लाटू नका. पूर यायच्या आधी फळ्या आणि पोळपाट माळ्यावर ठेवायला दोन मिनिटं पुरतात.

८. वाकली, खरवडली, चिरली तर

वाकलेली फळी बरेचदा सरळ होते. खोलगट बाजू म्हणजे जास्त वाळलेली बाजू. ओलसर पंचा ओट्यावर पसरा, खोलगट बाजू खाली करून फळी त्यावर ठेवा, वर पाट्याचं किंवा डब्याचं वजन द्या. सकाळी बघा. सरळ झाली की दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून सावकाश वाळवा आणि मग तेल लावा. फरक थोडाच राहिला तर सुताराकडून रंधा मारून घ्या.

सुरीच्या खाचा वाढल्या की १२० च्या पेपरने सुरू करा, २२० वर संपवा, मग पायरी २ प्रमाणे ओलं करून पुन्हा घासा आणि तेलाचा पूर्ण फेरा नव्याने करा. पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं की मध्ये खड्डा पडतो.

टोकाची केसाएवढी भेग मेणाच्या लेपाने बुजवून चालते. जोड उकलला असेल तर जुना डिंक खरवडून, मरीन डिंक भरून, शिकंज्यात आवळून चोवीस तास ठेवावा लागतो. घरी शिकंजा नसेल तर हे सुतारालाच द्या. आरपार गेलेल्या भेगेत अन्न अडकतं आणि तिथे डिंक धरत नाही. भेग एका कडेला असेल तर तेवढी पट्टी कापून काढायला सांगा, उरलेली फळी लिंबू-मिरचीपुरती छान होते. कापून आलेल्या नव्या कडेला मात्र त्याच दिवशी पॅराफिन पाजा.